आपल्या आधी तपासून घेतलेल्या बाया



मागच्या महिन्यात आमच्या आरोग्य केंद्रात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी होती. आपण त्याला पिशवीचं तोंड म्हणतो. गटाच्या बैठकीत अकरा जणींनी नावं दिली होती. त्या दिवशी पोचल्या चौघी. कुणाकडे पाहुणे आले, कुणाची खुरपणी निघाली. खरं सांगू का? त्या चौघींत मीही नव्हते. नावं लिहून घेणारी मी, आणि मीच बँकेचं काम काढून बसले. दोन लेकरं झाली तरी तपासणीच्या टेबलाची धास्ती काही गेली नव्हती.

मनाला लागलं ते. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. म्हटलं, ही तपासणी आली कुठून ते तरी वाचावं. वाचलं ते आज तुम्हाला सांगते.

या तपासणीची सुरुवात एका नवरा-बायकोपासून झाली. जॉर्ज पापानिकोलाऊ हे ग्रीस देशातून अमेरिकेत गेलेले डॉक्टर. योनीमार्गातल्या पेशी काचेवर घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. त्यासाठी स्वतःचे नमुने वर्षानुवर्षे देणारी बाई म्हणजे त्यांची बायको, मेरी. ती प्रयोगशाळेत त्यांच्यासोबत कामही करायची. अशा पेशींवरून कॅन्सर ओळखता येतो, हे त्यांनी १९२८ साली मांडलं. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९४०नंतर डॉक्टरांना ते पटलं. आज आपण ‘पॅप’ची तपासणी म्हणतो ती हीच.

पण ही तपासणी खेड्यात कशी करायची? पेशी वाचणारी तज्ज्ञ माणसं आणि प्रयोगशाळा लागते. याचं उत्तर शोधण्यात आपल्या महाराष्ट्रातल्या बायांचा मोठा वाटा आहे.

१९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांत कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. पाळी नसताना अंगावरून जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं, पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणं ही लक्षणं अंगावर काढू नका, असं ते सांगत. नुसत्या सांगण्यानेही फरक पडला. बाया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या.

पुढे १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या जवळजवळ १ लाख ३१ हजार बाया त्यात होत्या. गावांचे चार भाग केले. एका भागात पॅप तपासणी, दुसऱ्यात व्हिनेगर लावून पाहणं, तिसऱ्यात एचपीव्ही या विषाणूची तपासणी. नमुने घेणाऱ्या, तपासणाऱ्या आपल्या सिस्टरांसारख्याच परिचारिका होत्या. चौथ्या भागात तपासणी नव्हती, फक्त माहिती दिली.

२००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४ हजार बाया होत्या, त्यातल्या ३४ या कॅन्सरने गेल्या. तपासणी नसलेल्या भागात साडेएकतीस हजार होत्या, त्यातल्या ६४ गेल्या. म्हणजे एकदाच केलेल्या तपासणीने मरण जवळजवळ निम्म्यावर आलं. साऱ्या जगाने हा निकाल मानला.

इथे मी वाचायची थांबले. त्या ६४ जणी कोण असतील? आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या. त्यांची तपासणी का केली नाही, असा सवाल पुढे अनेकांनी उठवला. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं होतं की तेव्हा सरकारी दवाखान्यात अशी तपासणी कुणालाच मिळत नव्हती. तुम्हाला काय वाटतं ते गटात बोला. मला एवढंच वाटलं, की हे ज्ञान त्यांच्या जिवावर मिळालंय आणि मी बँकेचं निमित्त काढून बसलेय.

अजून एक गोष्ट. उस्मानाबादेत एकदाच व्हिनेगर लावून पाहिल्याने मरण फारसं कमी झालं नाही. पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८पासून दहावी शिकलेल्या बायांना शिकवून तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. तिथे मरण ३१ टक्क्यांनी घटलं. म्हणजे एकदा करून विसरायची ही तपासणी नाही. २०१६पासून सरकारचा नियम ३० ते ६५ वयाच्या बायांसाठी दर पाच वर्षांनी तपासणीचा आहे.

आता बैठकीत आलेले प्रश्न.

दुखतं का? तांबी बसवताना आत घालतात तेच साधन असतं. दाब जाणवतो. व्हिनेगरसारखं पातळ औषध लावून मिनिटभर थांबतात, थोडं चुरचुरतं. आधी लघवीला जाऊन या, अंग सैल सोडा. नको वाटलं तर ‘थांबा’ म्हणा. सिस्टरच पाहिजे, असंही सांगा. पाळी चालू असेल तर नंतर जा.

पांढरा डाग दिसला म्हणजे कॅन्सर का? नाही. पुढे मोठं करून दाखवणाऱ्या यंत्रातून पाहतात, लागलं तर बारीक तुकडा तपासतात. कॅन्सरच्या आधीचा डाग असेल तर बहुतेक वेळा गोठवून घालवता येतो.

पिशवी काढायला लावतील का? २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या बातम्या आपण ऐकल्या, म्हणून ही भीती खोटी नाही. पण तपासणी म्हणजे ऑपरेशन नव्हे. कुणी लगेच पिशवी काढा म्हटलं तर कागद मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

चांगल्या घरच्या बाईला कशाला? हा विषाणू फार सर्रास असतो. नवऱ्याकडूनही येतो आणि वर्षानुवर्षे गप्प राहतो. त्यात चारित्र्याचा काही संबंध नाही.

पुढच्या आठवड्यात मी गेले. सासूबाई म्हणाल्या, “चल, मी बाहेर बसते.” टेबलावर पाय थरथरले. सिस्टर म्हणाली, “ताई, श्वास सोडा.” पाच-सात मिनिटांत बाहेर आले. आता पुढची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.

उरलेल्या सहा जणींना घेऊन येत्या मंगळवारी जातेय. तुमच्या गटातही हप्त्याच्या वहीत एक पान या तपासणीचं करा. नाव, तारीख, पुढची तारीख. आणि एकटीला पाठवू नका, जोडीने जा.