काचेवरचा आकडा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नागपूरच्या इतवारीत पेढीपेढीवर वहीची पूजा होते. माल कोठारात असतो, रोकड तिजोरीत असते, पण वहीला कुंकू लागल्याशिवाय व्यापाऱ्याचे मन शांत होत नाही. आपल्याकडे माल किती आणि कुठला हे मालाला सांगता येत नाही, ते वहीच सांगते, हे त्याला पक्के ठाऊक असते. छायाचित्रांच्या बाबतीत मात्र आपण घरोघर बेहिशेबी आहोत. मोबाइलमध्ये दहा दहा हजार चित्रे साठली आहेत आणि ताईच्या लग्नातले आजीबरोबरचे एक चित्र हवे म्हटले, की सारे घर अर्धी दुपार अंगठा घासत बसते! चित्रांची ही वही प्रथम कुणी घातली, ती पुढे कशी मोडली आणि संगणकात ती कोणत्या रूपाने परत आली, याची हकीकत फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे.

1839 साली पॅरिसमध्ये दागेरची युक्ती जाहीर झाली, तेव्हा वहीची गरजच नव्हती. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायचे. ते एकुलते एक असायचे आणि त्याची प्रत निघत नसे. इंग्लंडात टॅल्बटने 1841 साली वेगळी वाट काढली. आधी उलटे चित्र घ्यायचे आणि त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढायच्या. 1851 साली आर्चरने कागदाच्या जागी काच आणली. तेव्हापासून चित्राला दोन जन्म मिळाले. मूळ काच एक, ती घरात राहायची. प्रती अनेक, त्या जगभर जायच्या. कुठली प्रत कुठल्या काचेची, हा प्रश्न त्याच दिवशी जन्माला आला.

ही विद्या आपल्याकडे फार लवकर आली. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या पहिल्या फळीतले हौशी छायाचित्रकार. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. 1856 पासून मुंबईत एक मासिक आल्बम निघू लागला. त्यात खरी छायाचित्रे चिकटवलेली असत आणि प्रत्येकाबरोबर माहितीचा छापील मजकूर असे. चित्राबरोबर चित्राची हकीकतही द्यावी लागते, हे त्या मंडळींना पहिल्याच पावलाला कळले होते.

परंतु वहीचा खरा उस्ताद म्हणजे सॅम्युअल बोर्न. 1863 साली हा इंग्रज हिंदुस्थानात आला आणि हमालांचा तांडा घेऊन हिमालयापर्यंत फिरला. ओल्या काचेचे ते दिवस होते. काचेवर रसायन ओतायचे, ते ओले आहे तोवर चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचे. (आमच्या नागपूरच्या वैशाखात ही काच किती वेळ ओली राहिली असती, ते वाचकांनीच ठरवावे.) एवढी यातायात करणारा हा माणूस प्रत्येक काचेवर न चुकता एक आकडा घालीत असे. त्या आकड्यांची यादी छापलेली असे, आणि गिऱ्हाईक त्या यादीतला आकडा कळवून प्रत मागवी. पुढे त्याच्या 'बोर्न अँड शेफर्ड' या कलकत्त्याच्या पेढीने तब्बल दीडशे वर्षे धंदा केला. 1991 च्या फेब्रुवारीत पेढीला आग लागली आणि काचांचा ठेवा तीत नष्ट झाला. पेढीही 2016 साली बंद पडली. पण जगभरच्या संग्रहांत विखुरलेल्या प्रतींच्या कोपऱ्यात तो बारीक आकडा अजून आहे. तो वाचून अभ्यासक जुन्या यादीशी मेळ घालतात आणि चित्र कुठले ते सांगतात. काच गेली तरी काचेवरचा आकडा कामाला आला.

विदर्भालाही या आकड्यांचा लाभ झालेला आहे. कनिंगहॅम यांचे साहाय्यक बेग्लर 1873-74 साली मध्यप्रांतात हिंडले. हेन्री कझिन्स यांनी 1897 मध्ये मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील पुराणवस्तूंची यादी प्रसिद्ध केली. पुरातत्त्व खात्याच्या जुन्या वार्षिक अहवालांच्या शेवटी त्या त्या वर्षी काढलेल्या चित्रांचे तक्ते असत. अनुक्रमांक, गाव, कशाचे चित्र आणि काचेचे माप एवढेच त्यांत दिलेले असे. किती रूक्ष वाचन! पण गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला जाऊन वीज पडून भंगलेल्या त्या देवळापुढे उभे राहिले, म्हणजे रूक्षपणाची किंमत कळते. असे देऊळ उतरवून पुन्हा उभारायचे, तर दगडादगडावर आकडे घालावे लागतात आणि जुन्या चित्रांशी ते ताडून पाहावे लागतात. ज्या चित्राखाली गाव नाही, साल नाही, बाजू पूर्वेची की पश्चिमेची याचा पत्ता नाही, ते चित्र कितीही सुरेख असले तरी गवंड्याच्या उपयोगाचे नाही.

पुढे गावोगावी स्टुडिओ निघाले आणि ही वही बाजारात उतरली. सीताबर्डीवर किंवा महालात फोटो काढायला जाणे म्हणजे एक लहानसा समारंभच असे. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का आणि निगेटिव्हचा नंबर असे. प्रत पाहिजे असल्यास तो कळवायचा. आत रजिस्टरमध्ये नाव, तारीख आणि नंबर असे. मागल्या खोलीत रिटचिंग करणारा कारागीर टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवरच देवीचे व्रण बुजवीत असे. त्याच्या हाताचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण त्याने एकदा बुजवलेला व्रण कायमचाच बुजे. मूळ चेहरा कसा होता, हे मग कुणालाच सांगता येत नसे.

14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लाखोंच्या समुदायाला स्वतः दिली. पुरते दोन महिनेही लोटले नाहीत तोच, 6 डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यामुळे या सोहळ्याची चित्रे विदर्भातल्या घराघरांत जपली गेली. त्यांच्या प्रती निघाल्या आणि प्रतींच्याही प्रती निघाल्या. बाबासाहेबांना कोण ओळखणार नाही? पण मागे उभे असलेले, पाणी वाटणारे, दोर धरणारे ते शेकडो चेहरे कुणाचे? त्या दिवशी जो विशीचा होता तो आज नव्वदीच्या घरात आहे. चित्र संगणकावर चढवून हवे तितके उजळता येते. नाव सांगणारा माणूस मात्र एकदा गेला की गेलाच.

योगायोग असा, की संगणकात पहिले चित्र शिरले ते त्याच्या पुढच्याच वर्षी. 1957 साली अमेरिकेत रसेल कर्श या शास्त्रज्ञाने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो यंत्रावर फिरवला आणि त्याचे 176 गुणिले 176 ठिपके केले. पहिला मान बाळाला मिळाला, हे आपल्या घरांच्या रीतीला धरूनच झाले! 1975 मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने फिल्मवाचून चालणारा कॅमेरा बनवला. त्याला एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला 23 सेकंद लागत. 1990 साली नोल बंधूंचे फोटोशॉप बाजारात आले, आणि पेन्सिलवाल्या कारागिराची विद्या कुणाच्याही हाती आली. तिच्याबरोबर त्याचा धोकाही आला. मूळ फाइल उघडायची, रंग बदलायचे, कडा कापायच्या आणि 'सेव्ह' म्हणायचे. झाले, मूळ काच आपल्याच हाताने फुटली.

वही मोडली ती याच सुमारास. आकडा घालायचे काम आता कॅमेराच करू लागला, आणि माणूस निर्धास्त झाला. 1998 साली जपानी उत्पादकांनी ठरवलेल्या नियमाप्रमाणे फाइलीचे नाव म्हणजे चार अक्षरे आणि चार आकडे. गणती 0001 पासून 9999 पर्यंत चालते आणि मग पुन्हा 0001! बोर्नचा आकडा जन्मात एकदाच लागे. कॅमेऱ्याचा आकडा दर दहा हजारांनी पुनर्जन्म घेतो. मुंजीचा 0412 आणि बारशाचा 0412 एकाच फोल्डरात गाठ पडली, तर एकाला दुसऱ्याची जागा खायला वेळ लागत नाही.

म्हणून 2007 साली लाइटरूमसारखे सॉफ्टवेअर आले, तेव्हा त्यात नवे काय होते असे विचारले तर मी म्हणेन, की जुनी वही. नावही पाहा: अंधाऱ्या खोलीची उजेडाची खोली केली आहे. यात फोटो आणण्याला 'इम्पोर्ट' म्हणतात, आणि ते जुन्या जकात नाक्यासारखे आहे. माल कुठून आला, कुठे उतरवायचा, त्याला नाव काय द्यायचे, हे सारे दाराशीच विचारले जाते. कार्डावरून प्रत करून घ्यायची, की फाइल आहे तिथेच ठेवून नुसती नोंद करायची, तेही तिथेच ठरते. तारीख आणि प्रसंग जोडून नवे नाव देण्याची सोय तिथेच असते. ती वापरली की दोन 0412 ची भांडणे मिटतात. पूर्वी घेतलेले चित्र पुन्हा आले, तर सॉफ्टवेअर त्याला शक्यतो दारातच अडवते. नंतरची सारी रंगसफेदी कॅटलॉग नावाच्या वहीत कृतीसारखी लिहिली जाते. मूळ फाइलीला धक्का लागत नाही, आणि पेन्सिलवाल्याने बुजवलेला व्रण हवा तेव्हा परत आणता येतो. शंभर वर्षांत स्टुडिओवाल्यांना जे जमले नाही ते इथे जमले, हे मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे.

मात्र वही म्हणजे माल नव्हे, याचा लोकांना हटकून विसर पडतो. नुसती नोंद केलेली फाइल मागाहून दुसऱ्या फोल्डरात हलवली, की सॉफ्टवेअरला ती सापडत नाही. ते बापडे फाइल हरवल्याची खूण दाखवून बसते. कॅटलॉगची नक्कल करून ठेवली म्हणजे फोटोंची नक्कल झाली, असे समजणारे तर पुष्कळ आहेत. इतवारीतला पोरगा गुमास्ताही असे समजणार नाही.

तारखेचा घोटाळा याहून गमतीचा. कॅमेरा प्रत्येक फाइलीच्या पोटात काढल्याची तारीख आणि वेळ लिहितो. 1995 पासून त्याचा ठरलेला नमुना आहे. पण आजीचा 1962 सालचा फोटो आज स्कॅन केला, तर फाइलीच्या लेखी तो आजचा. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या रीतीने धाडलेल्या फोटोच्या पोटातली ही माहिती वाटेतच गळते आणि नावात राहते ती हल्लीची तारीख. असे फोटो तारखेने लावले, की आजी नातसुनेच्या डोहाळजेवणाशेजारी जाऊन बसते, तीही नऊवारीतली आणि विशीतली! सॉफ्टवेअरमध्ये ही तारीख बदलता येते. ती इम्पोर्ट केल्या केल्या बदलली तर पाच मिनिटांचे काम असते. पाच वर्षांनी आजीचे लग्नाआधीचे की नंतरचे यावरच वाद सुरू होतो.

शाळामास्तराला या विषयाचे अगत्य वाटण्याचे कारण शाळेच्या भिंतीवर टांगलेले असते. जुन्या ग्रुप फोटोंच्या पुठ्ठ्यावर, चित्राच्या खाली, 'खुर्चीवर बसलेले, डावीकडून', 'उभे, पहिली रांग' अशी ओळीने नावे छापलेली असत. हल्ली रंगीत फ्लेक्स येतो. त्यावर पाहुण्यांची नावे मोठी असतात आणि मुलांची मुळीच नसतात. आमच्या शाळेने हे जुने ग्रुप फोटो मागे एकदा बाहेरून स्कॅन करून घेतले होते, आणि त्या माणसाने मेहनतीने प्रत्येकाखाली मराठीत नावे टंकलीही होती. परंतु ती त्या काळच्या छपाईच्या फाँटात. तो फाँट ज्या संगणकात नाही तिथे मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. आता युनिकोडमुळे देवनागरी नावे थेट फाइलीच्या पोटात लिहिता येतात आणि कुठल्याही संगणकावर ती वाचता येतात. गेल्या उन्हाळी सुट्टीत तेच काम काढले. संगणकातली जुनी नावे कुणाला लागली नाहीत. पुठ्ठ्यावरची छापील अक्षरे पिवळी पडली होती, पण वाचता येत होती. एक मुलगा स्टुलावर चढून ती मोठ्याने वाची आणि दुसरी मुलगी खाली बसून टंकी. दोन रांगा आणि एक खुर्च्यांची ओळ, अशा हिशेबाने दिवसाला चार फोटो होत.