द्रवरूप हवेची कोठी

धान्य अधिक पिकले तर ते पेवात घालता येते. पाणी अधिक झाले तर धरणात अडवता येते. विजेचे तसे नाही. ती ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी खर्ची पडली पाहिजे. कोळशाच्या वीजकेंद्रात मागणी घटली की भट्टी मंद करता येते. पण वारा काही आपली गरज पाहून वाहत नाही. ब्रिटनमध्ये वारा जोराचा सुटला आणि ती सारी वीज वाहून नेण्यास तारा अपुऱ्या पडल्या, म्हणजे पवनचक्क्या थांबवाव्या लागतात आणि त्यांच्या मालकांना त्याची भरपाईही द्यावी लागते. ही वाया जाणारी वीज हवेच्याच रूपाने साठवावी, असा एक उद्योग त्या देशात चालू आहे. त्याची पूर्वपीठिका आपण आज पाहू.

प्राणवायू व नत्रवायू यांचे कधीच पाणी होणार नाही, असे एकोणिसाव्या शतकात दीर्घकाळ मानले जाई. १८७७ च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये कायेते आणि जिनीव्हात पिक्ते यांनी प्राणवायूचे द्रवीकरण साधले. परंतु हाती आले ते केवळ क्षणभराचे तुषार. १८८३ मध्ये पोलंडमधील क्राकूव्ह येथे व्रुब्लेव्हस्की आणि ओल्शेव्हस्की यांनी तो द्रव नळीत शांतपणे साठलेला दाखविला. १८९२ मध्ये ड्यूअर यांनी दुहेरी भिंतीचे निर्वात पात्र तयार केले. आपल्या घरातला थर्मास तो हाच. पुढे १८९५ मध्ये म्युनिकचे लिंडे आणि इंग्लंडचे हॅम्पसन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हवा सतत द्रवरूप करण्याची युक्ती योजिली. दाबलेली हवा बारीक तोंडातून सोडली की ती थोडी गार होते. ती गार हवा मागून येणाऱ्या हवेच्या नळीभोवती फिरवली की पुढची हवा अधिक गार होते. असे होता होता शून्याखाली सुमारे १९४ अंश सेंटिग्रेडला हवेचे पाणी होते.

आणि मग भ्रमाचा काळ आला. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स ट्रिपलर नावाचे गृहस्थ या द्रवाचे प्रयोग लोकांना दाखवीत. बर्फाच्या लादीवर किटली ठेवली तरी तीतील द्रवरूप हवा खदखदा उकळे! १८९९ मध्ये त्यांचे म्हणणे छापून आले की, तीन गॅलन द्रवरूप हवेवर यंत्र चालवून आपण दहा गॅलन नवी हवा द्रवरूप केली. म्हणजे कोळशावाचून शक्ती, तीही फुकट! लोकांनी भांडवल ओतले आणि ते बुडाले. चूक कोठे होती? द्रवरूप हवा भोवतालची उष्णता घेऊन उकळते, हे खरे. पण तिला इतके थंड करण्यास जी शक्ती खर्चावी लागते, ती तिच्यापासून परत मिळणाऱ्या शक्तीहून नेहमी अधिकच असते. ट्रिपलर यांनी कोठीलाच शेत समजण्याची चूक केली.

१९७७ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातील ई. एम. स्मिथ यांनी याच द्रवाचा विचार कोठी म्हणून मांडला. रात्रीच्या शिल्लक विजेने हवा द्रवरूप करावी, टाकीत ठेवावी. मागणी वाढली की ती पंपाने दाबून तापवावी, म्हणजे सुमारे सातशे पट फुगणारी ती हवा टर्बाइन फिरवील. पुढे पीटर डिअरमन या इंग्रज संशोधकाच्या कल्पनांतून २००५ मध्ये हायव्ह्यू ही कंपनी निघाली. लंडनजवळ स्लाव येथे तिने ३५० किलोवॅटचे प्रायोगिक यंत्र २०११ पासून चालविले. घातलेल्या विजेपैकी शेकडा दहाही परत मिळाली नाही. पण या वेळी तो आकडा कोणी लपविला नाही, आणि उपायही त्या हिशेबातच सापडला. हवा उकळताना जी थंडी बाहेर पडते ती खडीच्या थरात धरून पुढल्या द्रवीकरणाला वापरावी. दाबताना निघणारी उष्णताही जपावी. मोठ्या यंत्रात असे केल्यास निम्मी किंवा थोडी अधिक वीज परत मिळावी, असा अंदाज आहे. २०१८ मध्ये मँचेस्टरजवळ पिल्सवर्थ येथे १५ हजार युनिटे साठविणारे केंद्र सुरू झाले. त्याच परिसरातील कॅरिंग्टनच्या तीन लाख युनिटांच्या केंद्रासाठी २०२४ मध्ये ३० कोटी पौंड उभे राहिले.

निम्मी वीज गमावणारी ही कोठी कशाला, असे कोणी विचारील. लिथियमची बॅटरी पुष्कळ अधिक परत देते, हे खरेच. घाटघरला २००८ पासून आपण पाणी वर चढवून हेच काम करतो, तेही यापेक्षा कमी तोट्यात; पण त्याला सह्याद्रीचा कडा लागतो. द्रवरूप हवेला डोंगर नको. पोलादी टाक्या आणि सपाट जागा पुरे, आणि अधिक तास साठवायचे तर टाकीच तेवढी वाढवावी लागते. शिवाय जी वीज एरवी सर्वच वाया जाणार, तिची निम्मी हाती येणे हा लाभच होय. महागड्या विजेने ही कोठी भरणे मात्र वेडेपणाचे ठरेल.

हवा तीच आणि तिचे नियमही तेच. १८९९ मध्ये लोकांनी तिच्याकडून नफा मागितला आणि ते फसले. आज तिच्याकडून केवळ ठेव मागितली जात आहे, आणि बट्टा किती जाणार हे आधी ठरवून. ऊर्जेच्या नव्या नव्या योजना आपल्या कानांवर रोज येतात. ही योजना ऊर्जा पिकविणारी की साठविणारी, आणि साठविणारी असल्यास बट्टा किती, एवढे दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण नागरिकांनी लावून घ्यावी, असे आम्हांस वाटते.