शारीर आकारविश्लेषण

शारीर आकारविश्लेषण : मानवी अवयवांच्या प्रतिमांवरून त्यांच्या आकारांचे मापन, तुलना व वर्गीकरण करण्याचे शास्त्र. क्ष-किरण, सीटी स्कॅन व एमआरआय यांद्वारे मिळणाऱ्या प्रतिमा ही त्याची सामग्री, तर अल्गोरिदम म्हणजे ठरावीक पायऱ्यांचे गणनविधी हे त्याचे साधन होय. या शास्त्राचे मूळ मात्र संगणकापूर्वीच्या मानवमितीत आहे.

आकार व आकारमान यांतील भेद हा या शास्त्राचा पाया आहे. छत्रपती संभाजीनगरमधील शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याची वीतभर उंचीची हुबेहूब प्रतिकृती करून ती आडवी ठेवली, तरी तिचा आकार मूळ मनोऱ्याचाच राहतो. स्थान, दिशा व आकारमान वगळल्यावर वस्तूचे जे भूमितीय स्वरूप शिल्लक उरते, त्यास आकार म्हणतात. डेव्हिड केंडॉल या ब्रिटिश गणितज्ञांनी १९७७ पासून या कल्पनेला काटेकोर गणिती रूप दिले.

इतिहास : भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १९२० मधील नागपूर अधिवेशनात प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबीस यांना कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण करण्यास सुचविले. दोन समूहांत अनेक मापांच्या दृष्टीने किती अंतर आहे, हे एकाच संख्येने सांगण्याची रीत या अभ्यासातून पुढे आली. १९३६ मध्ये सिद्ध झालेले हे ‘महालनोबीस अंतर’ संगणकीय प्रतिमाविश्लेषणात आजही वापरले जाते.

मापनाचा अर्थ लावण्यातील धोका इरावती कर्वे (१९०५–७०) यांच्या संशोधनातून स्पष्ट होतो. मुंबई विद्यापीठातील शिक्षणानंतर त्यांनी बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असममितीचा अभ्यास केला. यूरोपीय कवटीच्या उजव्या व डाव्या बाजूंत विशेष फरक आढळेल आणि तो बौद्धिक श्रेष्ठत्वाचा पुरावा ठरेल, अशी फिशर यांची धारणा होती. कर्वे यांनी १४९ कवट्या मोजल्या. असममितीचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष त्यांनी आपल्या मार्गदर्शकांच्या मताविरुद्ध प्रबंधात नोंदविला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कार्यरत असताना त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील मानवमितीय मापांवरील ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध केला.

१९७१ मध्ये रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन घेण्यात आला आणि कवटीच्या आतील भाग जिवंतपणीच मोजता येऊ लागला. आकारांच्या सांख्यिकीत मुंबई व पुणे विद्यापीठांत शिकलेले कांतिलाल मर्डिया यांचे कार्य महत्त्वाचे आहे. इंग्लंडमधील लीड्स येथे त्यांनी या शाखेचा विस्तार केला व इयन ड्रायडन यांच्यासह १९९८ मध्ये तिच्यावरील प्रमाणग्रंथ लिहिला.

कार्यपद्धती : प्रथम प्रतिमेतील अवयवाची सीमारेषा निश्चित केली जाते. त्यासाठी १९८८ मध्ये अवयवाच्या कडेला हळूहळू चिकटत जाणाऱ्या वक्ररेषेची पद्धत पुढे आली. २०१५ नंतर कृत्रिम चेताजालांचा वापर वाढला. नंतर अवयवावरील समान स्थानी खुणबिंदू घेऊन ते सरकवून, फिरवून व लहानमोठे करून परस्परांशी जुळवितात. या जुळणीस प्रोक्रस्टीझ या ग्रीक पुराणकथेतील दरोडेखोराचे नाव आहे. तो पाहुण्यांना आपल्या खाटेच्या मापात बसविण्यासाठी ताणत वा कापत असे. जुळणीनंतर सरासरी आकार व त्यातील संभाव्य फरकांचे प्रकार काढले जातात. एका अवयवाचे दुसऱ्यात रूपांतर करण्यास किती ताणावे वा वाकवावे लागते, हेही मोजतात. डार्सी टॉमसन यांनी १९१७ मध्ये माशांच्या आकृत्यांवर जाळी आखून दाखविलेल्या कल्पनेचे हे संगणकीय रूप होय.

प्रमाण आकाराचा प्रश्न : रोगनिदानासाठी रुग्णाच्या अवयवाची तुलना प्रमाण नकाशाशी करतात. अल्झायमर रोगात मेंदूतील हिपोकँपस हा भाग आक्रसतो. तो किती आक्रसला हे ठरविताना निरोगी नमुना कोणता घेतला, यावर निर्णय अवलंबून असतो. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला तालैराक व तूर्नू यांचा प्रसिद्ध नकाशा एकाच वृद्ध स्त्रीच्या मेंदूवर आधारलेला होता. नंतरचा माँट्रिऑल येथील नमुना शेकडो व्यक्तींवरून तयार झाला, परंतु त्यात भारतीय मेंदूंचे प्रतिनिधित्व नव्हते. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी शंभर व्यक्तींच्या प्रतिमांवरून २०१९ मध्ये भारतीय मेंदूचा नकाशा सिद्ध केला. माँट्रिऑलच्या नमुन्यापेक्षा त्याची सरासरी उंची, रुंदी व घनफळ कमी आढळले. परका नमुना प्रमाण मानल्यास निरोगी भारतीय मेंदू आक्रसलेला ठरण्याची व चुकीचे निदान होण्याची शक्यता त्यामुळे लक्षात आली.

आकारमानातील अशा फरकावरून बुद्धीविषयी काहीही सिद्ध होत नाही. संगणक लक्षावधी बिंदू अचूक जुळवू शकतो, तथापि कोणता आकार प्रमाण मानावा व फरकाचा अर्थ काय लावावा, हे माणसालाच ठरवावे लागते. कर्वे यांच्या प्रबंधाचे महत्त्व या संदर्भात टिकून आहे : मोजमाप अपेक्षेविरुद्ध गेले, तेव्हा त्यांनी मोजमाप कायम ठेवून अपेक्षा सोडून दिली.