कुळाचा वारसा आणि पोटातील बिऱ्हाडकरू

या स्मरणिकेसाठी आम्ही आजवर जे लेख लिहिले ते बहुतांशी आपल्या कुळांच्या स्थलांतरांविषयी, गोदाकाठच्या जुन्या वाड्यांविषयी व ज्ञातिसंस्थेच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांविषयी होते. यंदा संपादक मंडळाने विषय विचारला तेव्हा आम्ही ‘आतड्याच्या एका रोगाचा इतिहास’ असे सांगितले. मंडळी क्षणभर स्तब्ध झाली. एका सन्मित्राने हळूच विचारले, “गुरुजी, प्रकृती बरी आहे ना?” प्रकृती बरी आहे. विषय मात्र आम्ही जाणूनबुजून निवडला आहे, आणि त्याचे कारण प्रथम सांगणे उचित होईल.

आमच्या चुलत बंधूंच्या नातीचा विवाह गतवर्षी ठरला होता. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी. स्थळही ज्ञातीतलेच, परिचयाचे. साखरपुड्यास तीन आठवडे उरले असता मुलीने आपण होऊन सांगितले की, दोन वर्षांपूर्वी आपणांस अल्सरेटिव्ह कोलायटिस नावाचा मोठ्या आतड्याचा विकार झाला होता, औषधाने तो आटोक्यात आहे, पण औषध सोडता येत नाही. चार दिवसांनी तिकडून निरोप आला : “मुलीविषयी काही म्हणणे नाही, पण तुमच्या घराण्यात पोटाचा रोग आहे.” सोयरीक मोडली. त्या मंडळींस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या मुलाची काळजी कोणास नसते? परंतु त्या निरोपातील ‘घराण्यात’ हा शब्द आमच्या मनास लागून राहिला. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. वैद्यकशास्त्राचा आम्हांस अधिकार नाही. पण तीस वर्षांहून अधिक काळ वर्गात इतिहास शिकविताना मुलांना एक गोष्ट सांगत आलो की, विधान केले तर त्यास पुरावा हवा. तेव्हा या विधानाचा पुरावा शोधावा, असे मनाने घेतले. ज्ञातीतील एका डॉक्टरांनी वाचावयास साहित्य दिले आणि कठीण भाग समजावून सांगितला.

आमच्या पिढीची जंतूंविषयीची समजूत साथींनी घडविली. १८८२ साली रॉबर्ट कॉक यांनी क्षयाचा जंतू दाखविला, १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या जंतूविषयी आपला निष्कर्ष कळविला. पुढे १८९६ साली मुंबईस प्लेग आला. ओडेसाचे वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळ येथील संस्थेस आज त्यांचे नाव आहे. त्या काळच्या गोष्टी आमच्या आजीच्या तोंडून आम्ही ऐकल्या : घर सोडून रानात झोपड्या घालून राहिलेली कुटुंबे, कौले काढून उन्हाला उघडी केलेली घरे. अशा घरांतून वाढलेल्या माणसांस जंतू म्हणजे शत्रू, यापलीकडे काही वाटले नाही, यात नवल नाही.

मौजेची गोष्ट अशी की, हाफकिन यांचे गुरू एली मेचनिकॉफ यांचा पोटातील जंतूंशी निराळाच व्यवहार होता. मोठ्या आतड्यातील जंतू अन्न कुजवून शरीरास वार्धक्य आणतात, आणि आंबविलेल्या दुधातील जंतू त्यांस आवर घालतात, असे त्यांचे मत होते. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांच्या दह्याचे ते मोठे भोक्ते होते. १९०८ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. ते मात्र दह्याबद्दल नव्हे, तर शरीरातील संरक्षक पेशींच्या शोधाबद्दल. ताकाशिवाय ज्यांचे जेवण पुरे होत नाही अशा आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस या मतात नवे काय, असा प्रश्न पडला असता!

आता रोगाकडे वळू. १८५९ साली लंडनचे वैद्य सॅम्युअल विल्क्स यांनी मोठ्या आतड्यास व्रण पडणाऱ्या विकाराचे वर्णन केले. आमच्या नातीचा रोग तो हाच. त्याचा भाऊ शोभेल असा दुसरा रोग १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर या तिघांनी वर्णिला. लेखावर नावे अकारविल्हे छापली गेली, क्रोन यांचे आद्याक्षर पुढे आले आणि रोगास जगभर त्यांचेच नाव पडले. तत्पूर्वी १९१३ साली ग्लासगोचे शल्यवैद्य डॅल्झिएल यांनी असेच रोगी पाहून लिहिले होते. पण त्यांचे नाव कोण घेतो? इतिहासात असे अन्याय पुष्कळ.

आपल्या देशात या रोगांची ओळख उशिरा पटली, त्याचे एक कारण क्षय. आतड्याचा क्षय व क्रोनचा रोग यांची लक्षणे इतकी सारखी की दुर्बिणीने पाहूनही तज्ज्ञ कधी कधी संभ्रमात पडतात. आमचे थोरले बंधू ऐन उमेदीत अशाच दुखण्याने गेले. त्यांस क्षयाचे औषध चालू होते. तो क्षय होता की आणखी काही, हे आता कळण्याचा मार्ग नाही. परंतु स्थळाकडील मंडळींनी त्यांचेही नाव काढले होते, म्हणून येथे लिहिले.

हा रोग रक्तातून येतो काय? विद्वानांनी प्रथम जुळ्यांकडे पाहिले. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचा आनुवंशिक वारसा जवळजवळ अक्षरशः एक असतो. रोग केवळ रक्ताचा असता तर एकास झाला की दुसऱ्यास होणे ठरलेलेच. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील पाहणीपासून पुढे जे आढळले ते असे : क्रोनच्या रोगात फार तर निम्म्या जोड्यांत दोघांसही रोग होतो, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हे प्रमाण त्याहून पुष्कळच कमी. म्हणजे वारसा आहे खरा. पण वारसा म्हणजे निकाल नव्हे.

२००१ साली फ्रान्स व अमेरिका येथील दोन गटांनी सोळाव्या गुणसूत्रावरील ‘नॉड-दोन’ हे जनुक शोधून काढले. ज्यांच्या ठायी त्यात विशिष्ट बिघाड असतो त्यांस क्रोनचा रोग होण्याची शक्यता वाढते. हे जनुक करते काय? जंतूंच्या कवचाचा तुकडा पेशीत आला की तो ओळखून वर्दी देते. राखणदारच म्हणा ना. राखणदाराची नजर अधू झाली तर चोर सुटतो आणि पाहुण्यास मार बसतो. आतड्यात दाह माजतो तो काहीसा असाच. २०१२ साली जगभरच्या रोग्यांची माहिती एकत्र करून अशी १६३ ठिकाणे नोंदली गेली. पुढे ती संख्या दोनशेंच्या वर गेली. त्यांतील बहुतेकांचा भार अत्यल्प. अशी थोडीफार ठिकाणे प्रत्येकाच्या अंगी असतात : आमच्या, वाचकांच्या, आणि सोयरीक मोडणाऱ्यांच्याही.

येथे आपल्या देशाची गोष्ट निराळी निघाली. युरोपीय लोकांत नॉड-दोनचे जे तीन बिघाड प्रसिद्ध आहेत ते भारतीयांत जवळजवळ आढळतच नाहीत, असे येथील संशोधकांनी दाखविले. दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली उत्तर भारतातील अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रोग्यांचा अभ्यास केला, तेव्हा मुख्य खुणा सहाव्या गुणसूत्रावर, प्रतिकारशक्तीशी संबंधित भागात सापडल्या. तरीही ब्रिटनच्या लेस्टर परगण्यात स्थायिक झालेल्या भारतीयांत हा रोग स्थानिक गोऱ्यांपेक्षा अधिक आढळला, असे १९९२ सालच्या पाहणीत दिसले. माणसे तीच, रक्त तेच. पाणी, अन्न व हवा मात्र बदलली. बदललेल्या गोष्टींतली एक म्हणजे पोटातील बिऱ्हाडकरू.

माणसाच्या शरीरात सुमारे अडतीस लाख कोटी जंतू असतात, असा २०१६ सालचा अंदाज आहे. शरीराच्या स्वतःच्या पेशींची संख्याही साधारण तेवढीच. बहुतेकांचे ठाणे मोठ्या आतड्यात. यांतील काही जंतू भाकरी, डाळी, भाज्या यांतील न पचणारा चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचे ते मुख्य अन्न, आणि दाह शमविण्यासही ते साहाय्यक. म्हणजे हे बिऱ्हाडकरू भाडे वेळेवर देणारे! दाहाच्या रोग्यांत नेमके हेच कमी झालेले दिसतात. प्रश्न असा की, रोगामुळे ते कमी होतात की ते कमी झाल्याने रोग होतो? नेदरलंड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी २०१८ साली एक लक्षणीय गोष्ट प्रसिद्ध केली. ज्यांस रोग मुळीच नाही, परंतु ज्यांच्या अंगी रोगाकडे झुकविणारी जनुके अधिक आहेत, अशा निरोगी माणसांतही रोझबुरिया नावाचे ब्युटिरेट देणारे जंतू कमी होते. म्हणजे वारसा प्रथम बिऱ्हाडकरूंची निवड बदलतो, आणि रोग आलाच तर मागाहून येतो, असा संभव दिसतो. संभव म्हणतो, सिद्धान्त नव्हे.

पुण्याच्या शास्त्रज्ञांचे काम आम्हांस विशेष जवळचे वाटले. त्यांनी २०१२ साली दोन एकत्र कुटुंबांतील तीन-तीन पिढ्यांची माणसे घेऊन त्यांच्या पोटातील जंतू ताडून पाहिले. घर एक, चूल एक; तरी वयाबरोबर जंतूंच्या मुख्य गटांचे प्रमाण बदलत गेले होते. पुण्यातच २०१४ साली एका नव्या जंतूस ‘मेगास्फेरा इंडिका’ असे नाव मिळाले. आपल्या नाशिकच्या २०१५ सालच्या सिंहस्थातही पुण्याच्या संशोधकांनी गोदावरीचे पाणी तपासले होते. स्नानांच्या गर्दीने नदीतील जंतूंचा समाजच पालटला होता. पण हे थोडे विषयांतर झाले.

शेवटी एक बोचरी गोष्ट. जातीच्या आत विवाह करण्याच्या रूढीने जात हे एक विस्तारलेले आप्तकुल बनते, असे डॉ. इरावती कर्वे यांनी मांडले होते. २०१७ साली हैदराबाद व अमेरिका येथील संशोधकांनी दक्षिण आशियातील २६३ गट तपासले. त्यांपैकी ८१ गटांत मूळ पूर्वज थोडे असल्याची खूण फिनलंडचे लोक व अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही ठळक होती. अशा गटांत दोन्ही बाजूंनी आल्यावरच प्रकटणारे दुर्मीळ दोष एकत्र येण्याचा संभव वाढतो. तान्ह्या मुलांस होणारा आतड्याच्या दाहाचा एक उग्र प्रकार तसाच आहे; त्याचे कारण असलेली जनुके २००९ साली रक्तसंबंधात विवाह झालेल्या कुटुंबांतून कळली. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल अद्याप पुरती गेलेली नाही. तेव्हा ‘घराण्यात रोग आहे’ म्हणून ज्ञातीतलेच एक घर सोडून ज्ञातीतलेच दुसरे घर पाहणाऱ्याने नेमके काय टाळले, हे आम्हांस उमगत नाही. मोठेपणी होणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसची गोष्ट तर त्याहून सौम्य. आईबापांपैकी एकास तो असला तरी शंभरातील पंचाण्णवांहून अधिक अपत्ये त्यातून मुक्त राहतात, असे पाश्चात्त्य देशांतील पाहण्या सांगतात.

गेल्या महिन्यात नात आमच्याकडे आली. संस्थेच्या वधूवर सूचक केंद्राचा छापील अर्ज तिच्या हाती होता. “आजोबा, या रकान्यात काय लिहू?” असे तिने विचारले. रकाना होता ‘आनुवंशिक आजार’, आणि पुढे दोनच शब्द छापलेले : होय, नाही. आम्ही चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिला. अखेर तिने दोन्ही शब्द तसेच ठेवले आणि बाजूच्या कोऱ्या जागेत रोगाचे नाव, तो झाल्याचे वर्ष व ‘औषध चालू, प्रकृती स्थिर’ एवढे लिहिले. तो रकाना बदलावा अशी लेखी विनंती आम्ही केंद्राच्या समितीस केली आहे. उत्तर अद्याप यावयाचे आहे.