सिरसाळ्यातून विंडसरला: परदेशवारीचा मागोवा

मराठवाड्यातून युरोपात माणसे जाण्याच्या कितीतरी आधी इथल्या वस्तू गेल्या. इटलीतले पॉम्पेई इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. 1938 मध्ये तिथल्या एका घरात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दासी, घडण अस्सल भारतीय. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचे साम्य असणाऱ्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या त्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आपले तेर, तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर असल्याचे नमूद आहे. तेरचे कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून जहाजात चढे. आपला बीड जिल्हा या पैठण आणि तेरच्या मधोमध पडतो.

बीडहून परळीला जाणाऱ्या रस्त्यावर सिरसाळा लागते. या गावचा माणूस आज पासपोर्ट काढून रोमचे कलोसियम, एडिंबरोचा किल्ला किंवा ऱ्हाईनकाठच्या गढ्या पाहायला निघतो, तेव्हा तो कोणाची वाट चालत असतो? युरोपात अठराव्या शतकात श्रीमंतांची मुले शिक्षण पुरे करायला इटलीतले भग्नावशेष पाहत हिंडत. आपली सहल त्याच घराण्यातली, असे सहसा मानले जाते. माझे मत वेगळे आहे. मराठी माणसाची परदेशवारी ही काशीयात्रेच्या पोटी जन्मली आहे.

यात्रा म्हणजे काय हे सिरसाळ्यात कोणाला शिकवावे लागत नाही. शेजारी परळीला वैजनाथाचे ज्योतिर्लिंग. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत पुढे जाते. काशीची यात्रा याहून फार मोठी, पण तिची रीत ठरलेली होती. जायचे ते संगतीने. वाट माहीत असलेला एक जाणता पुढे असायचा. खाणे आपले आपण रांधायचे. प्रत्येक ठिकाणी तिथली कथा सांगणारा भेटायचा. काशीला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायाच्या वहीत आपले नाव, गाव, वाडवडील नोंदवायचे. घरी परतल्यावर गंगापूजन करून मावंदे घालायचे, आणि जेवायला आलेल्यांना सगळा प्रवास सांगायचा. प्रवासाचे मराठी लेखनही इथूनच उगवले. वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेत गेले आणि 1857 च्या बंडात झाशीला अडकले. किल्ल्याला पडलेला वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि अखेर गंगेची कावड घेऊनच ते घरी आले. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये छापला गेला.

या यात्रेला एकच कुंपण होते, समुद्र ओलांडू नये या धर्माच्या बंधनाचे. ते ओलांडले ते राजकारणापायी. 1781 मध्ये रघुनाथरावांनी पेशवाईवरचा आपला दावा मांडायला हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील इंग्लंडला धाडला. सोबत मणियार पारशी आणि त्यांचा मुलगा होते. तिथे त्यांची गाठ ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्कशी पडली. हणमंतरावांना परक्याच्या हातचे चालत नाही हे कळल्यावर बर्कने बीकन्सफील्डच्या आपल्या घरातले झाडांचे काचघर त्यांना राहायला आणि स्वयंपाकाला मोकळे करून दिले. परतीनंतर या वकिलांना शुद्धीसाठी सोन्याच्या योनीतून बाहेर पडून नवा जन्म घेण्याचा विधी करावा लागला, असे त्या काळच्या इंग्रजी लेखनात नोंदलेले आहे. पुढे साताऱ्याच्या पदच्युत छत्रपती प्रतापसिंहांचे वकील म्हणून रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेराएक वर्षे तिथे राहून लढले. ही माणसे कामासाठी गेली होती. देश पाहणे त्यांच्या वाट्याला आले ते ओघाने.

केवळ पाहण्यासाठी, समजून घेण्यासाठी गेला तो कोल्हापूरचा वीस वर्षांचा राजा. छत्रपती राजाराम महाराज 1870 च्या उन्हाळ्यात मुंबईहून जहाजाने इंग्लंडला निघाले. त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, स्कॉटलंड आणि आयर्लंड पाहिले, आणि हे सारे ते इंग्रजीतल्या आपल्या रोजनिशीत लिहीत गेले. नोव्हेंबरमध्ये परतीच्या वाटेवर बेल्जियम, जर्मनी आणि आल्प्सच्या डोंगरांतून ते इटलीत उतरले. प्रकृती ढासळत होती. 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचा अंत झाला. तिथे दहनाची रीत नव्हती. नगरपालिकेने खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्या लोकांनी हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार केले. घरापासून हजारो कोसांवर असूनही जागा निवडली ती संगमाचीच. 1874 मध्ये तिथे छत्री उभी राहिली, आत महाराजांचा अर्धपुतळा बसवला गेला. जवळचा पूल 1978 मध्ये बांधला तेव्हा त्याचे नावही ‘भारतीयाचा पूल’ असेच पडले. महाराजांची रोजनिशी प्रवासात सोबत असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी 1872 मध्ये छापली. ती वही नसती तर या प्रवासाचा शेवट तेवढा आपल्याला ठाऊक असता, प्रवास नव्हे.

1883 मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या आणि पंडिता रमाबाई इंग्लंडला पोचल्या. दोघी शिकायला गेल्या. रमाबाईंच्या पत्रातून ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पुस्तक त्याच वर्षी झाले. ज्या समाजात बाईला एकटीने तीर्थाला जाणेही अवघड होते, तिथे एका बाईने सातासमुद्रापारचे वर्णन लिहून धाडावे, ही या वंशावळीतली मोठी उडी आहे.

मराठवाडा या काळात निजामाच्या राज्यात होता आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत तिथेच राहिला. इथल्या गावांतून समुद्र ओलांडण्याची जी जुनी, नेमाची वाट होती ती हजची. मुंबईच्या बंदरातून जहाजाने जेद्दाला जायचे. ही जलवाट 1995 पर्यंत चालू होती. तिची रीतही काशीच्या रीतीसारखीच. संगत, जाणता पुढारी, निरोपाला लोटलेला गाव, परतल्यावर भेटीगाठी आणि ऐकवलेल्या कथा. परदेशवारीचा मागोवा घेताना हे नाते विसरले तर अर्धी वंशावळ गाळली जाते.

स्वातंत्र्यानंतर धर्माचे कुंपण मोडले आणि पैशाचे उभे राहिले. परकीय चलनाची टंचाई अशी की साठच्या दशकात परदेशी जाणाऱ्याच्या हाती जेमतेम आठ डॉलर पडत. मग बहुतेकांच्या वतीने लेखकच फिरले. गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’, 1960 चे पु. ल. देशपांड्यांचे ‘अपूर्वाई’ आणि पुढे मीना प्रभूंची पुस्तके यांतून मराठी घरांनी लंडन, पॅरिस, रोम, इजिप्त पाहिले. वाचनालयातले एक पुस्तक गावभर फिरे. मावंद्याच्या पंगतीत सांगितला जाणारा प्रवास आता छापून घरी येऊ लागला होता.

1991 नंतर चलनाचे नियम सैल झाले. रिझर्व्ह बँकेने 2004 मध्ये दरवर्षी पंचवीस हजार डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेण्याची मुभा दिली. 2015 मध्ये ती मर्यादा अडीच लाखांवर गेली. 2017 पासून टपाल कार्यालयांत पासपोर्टची केंद्रे निघू लागली आणि आडगावच्या माणसाचा दूरच्या शहराचा हेलपाटा वाचला. दरम्यान 1984 मध्ये केसरी पाटील यांनी सुरू केलेल्या केसरी टूर्ससारख्या कंपन्यांनी सहलीचा एक साचा बसवला होता. मराठी माणसांचा गट, मराठी बोलणारा व्यवस्थापक, वेळेला भारतीय जेवण, प्रत्येक किल्ल्यापाशी कथा सांगणारा मार्गदर्शक. हा साचा नवा वाटतो, पण तो काशीयात्रेचाच आहे. परक्या मुलखात पोळी-भाजी शोधणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही. बर्कच्या काचघरात चूल मांडणाऱ्या हणमंतरावांपासून ती रीत चालत आली आहे, आणि तिच्या आधारानेच पन्नाशी-साठी उलटलेले, कधी विमान न पाहिलेले लोक धीराने बाहेर पडतात.

बीडच्या प्रवासाची दुसरी बाजूही इथेच मांडली पाहिजे. दसरा-दिवाळीनंतर याच जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आयुष्यात त्यांनी तुडवलेली वाट कोणत्याही सहलीपेक्षा लांब असते, पण ती पोटासाठी असते. त्यांच्यातल्या एखाद्याचा मुलगा किंवा मुलगी शिकून नोकरीला लागते आणि आईवडिलांना विमानात बसवते, तेव्हा त्या घरात प्रवासाला पहिल्यांदाच पाहण्याचा अर्थ येतो. अशी सहल चैन म्हणून मोडीत काढू नये. तिचा मान काशीला जाऊन आलेल्या पिढीएवढाच आहे.

तरीही या वारशातला एक मोलाचा भाग आपण सोडून दिला आहे. संगत ठेवली, जेवण ठेवले, परतल्यावरचे कौतुक ठेवले. वही मात्र सोडली. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून आजही सात-आठ पिढ्यांची नावे निघतात. राजाराम महाराजांच्या रोजनिशीतून एका तरुण राजाची नजर दीडशे वर्षांनी कळते. आपल्या हाती आज शेकडो फोटो असतात आणि त्यांतला किल्ला कोणता, तो कोणी बांधला, वेढ्यात पाणी कुठून आणत, हे वर्षभरात आठवेनासे होते. हे प्रश्न टिपून आणणाऱ्याला जवळच्या धारूरचा किल्लाही नव्याने दिसतो. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने तो बांधला, पाठोपाठ निजामशाहीने घेतला आणि 1631 मध्ये मोगलांनी. तीन सत्तांना तो का हवा होता, हे विंडसरचा किंवा एडिंबरोचा किल्ला नीट पाहून आलेला माणूस चटकन ओळखेल.

म्हणून पहिल्या परदेशवारीला निघणाऱ्यांना माझी विनंती आहे. दोनशे पानी वही सोबत घ्या. रोज रात्री गावाचे नाव, पाहिलेली वास्तू, ती बांधणाऱ्याचे नाव, ऐकलेली कथा, झालेला खर्च आणि भेटलेली माणसे मराठीत लिहा. वहीच्या पहिल्या पानावर तुमचे नाव आणि वाडवडिलांसह गाव घाला. परत आल्यावर तिची एक प्रत गावच्या शाळेला किंवा वाचनालयाला द्या. सिरसाळ्यातून जग कसे दिसले, हे पुढच्या पिढीला त्या वहीतूनच कळेल.