खिडकीखाली थेम्स, ताटात व्हाइटबेट



मे महिना आहे, पोरांना सुट्टी आहे, गावाहून काका-काकू आलेत आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायला जायचं ठरलंय. कुणीतरी मोबाइल काढतं, 'रिव्हर व्ह्यू सीफूड' टाकतं, फोटो बघतं. टेबल खिडकीजवळचं मिळेल का, मासा ताजा असेल का, आजीला पायऱ्या चढाव्या लागतील का, असले प्रश्न सुरू होतात.

आजचा एपिसोड या हौसेबद्दल आहे. नदीकाठी बसायचं आणि त्याच नदीतला मासा खायचा. ही हौस जगात पुष्कळ गावांना होती. पण एका शहराला तिचं अक्षरशः वेड लागलं होतं, आणि ते वेड कसं संपलं हे ऐकण्यासारखं आहे. त्यासाठी जायचंय लंडनला, साधारण 1840 सालच्या उन्हाळ्यात.

लंडन ब्रिजवरून थेम्स नदीच्या प्रवाहाबरोबर खाली निघालं की काही मैलांवर ग्रिनिच लागतं. हो, भूगोलाच्या पुस्तकातलं तेच ग्रिनिच. तिथं 1837 मध्ये ट्रफाल्गर टॅव्हर्न उभं राहिलं. जोसेफ के नावाच्या वास्तुविशारदानं ते इतकं काठावर बांधलं, की भरतीला पाणी थेट भिंतीला लागतं. नदीच्या बाजूला लोखंडी कठड्यांच्या बाल्कन्या आणि मोठाल्या खिडक्या. जवळच शिप टॅव्हर्न. नदीच्या पुढच्या वळणावर, पलीकडच्या काठाला ब्लॅकवॉल, तिथंही अशीच खाणावळ. खाणावळ म्हणतोय खरा, पण थाट मोठ्या हॉटेलचा. ब्लॅकवॉलच्या खिडकीतून काय दिसायचं? ईस्ट इंडिया डॉक. मुंबई-कलकत्त्याच्या वाटेवरची जहाजं बघत लोक जेवत.

पोचणंही सोपं झालं होतं. वाफेच्या बोटी होत्याच. 1836 मध्ये लंडनची पहिली रेल्वे सुरू झाली, ती याच दिशेची. साडेआठशेहून जास्त विटांच्या कमानींवरून, घरांच्या छपरांवरून ती गाडी जायची. 1838 मध्ये ती थेट ग्रिनिचला पोचली. म्हणजे दुकानातलं, कचेरीतलं काम संपवून संध्याकाळी बायकापोरांना घेऊन नदीकाठी जेवून रात्री परत, हा बेत मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यात आला. ज्यांना टॅव्हर्न परवडत नसे ते साध्या ठिकाणी चहा आणि कोळंबीवर भागवत.

आणि टॅव्हर्नमध्ये जाणारे काय खात? एकच गोष्ट: व्हाइटबेट.

व्हाइटबेट म्हणजे बोटाएवढी, चंदेरी, जवळजवळ पारदर्शक मासळी. आपल्या मांदेलीची आठवण यावी अशी, पण मांदेलीपेक्षाही नाजूक. ना डोकं काढायचं, ना पोट साफ करायचं. फडक्यावर पीठ पसरून त्यात मासळी घोळवायची, चाळणीत घालून जास्तीचं पीठ झाडायचं आणि उकळत्या चरबीत मिनिट-दोन मिनिटं सोडायची. वर लिंबू, सोबत ब्राउन ब्रेड आणि लोणी. एक फेरी साधी, दुसरी लाल तिखट घातलेली. पिणाऱ्यांना बर्फात गार केलेली शॅम्पेन. (रव्यात घोळवलेली मांदेली आणि सोलकढी यापुढे हे मला फिकंच वाटतं, पण तो ज्याचा त्याचा विषय.)

खरी गंमत ताजेपणाची होती. ही मासळी तासाभरातच मलूल व्हायची. बर्फाचे ट्रक नाहीत, फ्रीज नाही. त्यामुळे ती शहरात आणून खाण्यात अर्थ नव्हता. होडीतून काढायची, काठावरच तळायची. म्हणजे नदीकाठचं टेबल हे नुसतं फोटोपुरतं नव्हतं. मासा तुमच्याकडे येऊ शकत नव्हता, म्हणून तुम्ही माशाकडे जायचं.

या जेवणाला मोठी प्रतिष्ठा मिळाली ती राजकारण्यांमुळे. गोष्ट अशी सांगतात: रॉबर्ट प्रेस्टन नावाच्या खासदाराचं डॅगनमजवळ पाण्याकाठी एक छोटं घर होतं. अधिवेशनाच्या धबडग्यातून सुटका म्हणून तो मित्रांना तिथं बोलवायचा. एका मित्रानं पंतप्रधान विल्यम पिट यांना आणलं. पुढे डॅगनम लांब पडतं म्हणून बैठक ग्रिनिचला हलली, पाहुणे वाढले, आणि बघता बघता 'मंत्र्यांचं व्हाइटबेट डिनर' ही पद्धतच पडली. संसदेचं उन्हाळी काम आटोपत आलं की अख्खं मंत्रिमंडळ नदीमार्गे ग्रिनिचला. साधारणपणे लिबरल लोक ट्रफाल्गरला, टोरी शिप टॅव्हर्नला. पक्ष वेगळे, हॉटेलं वेगळी, मासळी एकच!

घरगुती बाजू बघायची तर चार्ल्स डिकन्सकडे जावं. त्याच्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड' या 1864-65 मधल्या कादंबरीत बेला नावाची मुलगी आहे. तिच्या हातात अचानक पैसे येतात. ती काय करते? कारकुनी करून दमलेल्या आपल्या बापाला कचेरीतून उचलते, नवे कपडे घ्यायला लावते आणि बोटीनं ग्रिनिचला जेवायला नेते. आईला पत्ता नाही! दोघं नदीवरच्या छोट्या खोलीत बसतात, जाणारी जहाजं बघतात आणि ती कुठं चालली असतील याच्या कल्पना रचतात. पुढे बेलाचं लग्नही ग्रिनिचलाच होतं आणि लग्नाचं जेवण त्याच हॉटेलात. बापाला पहिल्यांदा चांगल्या हॉटेलात नेणं काय असतं, हे ज्यांनी पहिल्या पगारात केलंय त्यांना ते प्रकरण लगेच कळेल.

आता जरा त्या ताटाकडे नीट बघू या. हा मासा नेमका कोणता?

साधा प्रश्न वाटतो, पण त्यावर इंग्लंडमधले प्राणिशास्त्रज्ञ अनेक वर्षं भांडत होते. कुणी म्हणे ही शॅड माशाची पिल्लं. शॅड म्हणजे आपल्या पाल्याचा, बंगाली लोकांच्या हिल्साचा भाऊबंद. 1828 मध्ये विल्यम यारेलनं लिहिलं, की छे, ही पिल्लं नव्हेत, ही स्वतंत्र जातच आहे, आकारानं लहान. त्यानं तिला लॅटिन नावही दिलं. हा वाद फक्त पंडितांचा नव्हता. थेम्सवर बारीक आसाच्या जाळ्यांना बंदी होती, कारण त्यात माशांची पिल्लं मरतात. व्हाइटबेट तर बारीक जाळ्याशिवाय सापडणारच नाही. मग व्हाइटबेट ही वेगळी, मुळातच छोटी जात असेल तर कोळी निर्दोष आणि मंत्रीही निर्दोष. पिल्लं असतील तर कायदे करणारेच दरवर्षी बंदी घातलेल्या मासेमारीचा माल खातायत!

1860 च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या अल्बर्ट गुंथर यांनी त्या 'जाती'ला स्वतंत्र मानायचं नाकारलं. व्हाइटबेट म्हणजे हेरिंगची पिल्लं, हे मत पुढे पक्कं झालं, आणि त्यात स्प्रॅट माशाच्या पिल्लांचीही भर असते हेही स्पष्ट झालं. दोन्ही मासे आपल्या तारलीच्या कुळातले. पुढे 1903 मध्ये जेम्स म्युरी यांनी थेम्सच्या मुखाकडच्या मासेमारीवर अहवाल लिहिला, तेव्हा व्हाइटबेटच्या पेट्यांत वीसहून जास्त जातींची पिल्लं निघाली. म्हणजे 'व्हाइटबेट' हा मासा नव्हताच. जाळ्यात जे जे बाळ सापडेल ते, असा त्याचा अर्थ होता.

हे ऐकून आपण नाकं मुरडायचं कारण नाही. महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये 54 प्रकारच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान पकडायची नाही म्हणून. तो नियम करावा लागला याचा अर्थ उघड आहे. तळहातात मावणारं पापलेट बाजारात बघितलं नाही असा मासेखाऊ माणूस मला दाखवा.

बरं, परत लंडनला. पिल्लं खाल्ल्यानं व्हाइटबेट संपलं का? नाही. जेवणाचा हा सगळा खेळ मोडला तो दुसऱ्याच गोष्टीनं.

1801 मध्ये लंडनची वस्ती साधारण 10 लाख होती, 1851 पर्यंत ती 23 लाखांच्या वर गेली. त्यात घरोघरी पाण्याचे संडास आले. आधी मैला घराखालच्या खड्ड्यात साठायचा, शेतावर जायचा. आता तो गटारातून सरळ नदीत. थेम्समध्ये एकेकाळी सॅल्मन भरपूर होता (आपण रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतो तो नव्हे, खरा सॅल्मन). 1830 च्या दशकात तो नदीतून नाहीसा झाला. 1858 च्या उन्हाळ्यात तर नदीला इतकी दुर्गंधी सुटली, की संसदेच्या खिडक्यांना क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवलेले पडदे लावावे लागले. इतिहासात ही 'ग्रेट स्टिंक' म्हणून प्रसिद्ध आहे. जूनमध्ये नाकाला झोंबलं आणि 2 ऑगस्टला कायदा मंजूर! त्याआधी कॉलऱ्यानं हजारो माणसं मेली होती, तेव्हा ही घाई दिसली नव्हती.

काम सोपवलं जोसेफ बझलजेट या इंजिनिअरकडे. त्यानं नदीला समांतर मोठी गटारं बांधून शहराचा मैला अडवला. ही गटारं आजही वापरात आहेत, आणि त्यांनी लंडनमधला कॉलरा थांबवला, यात शंका नाही. पण अडवलेला मैला नेला कुठं? शहराच्या पूर्वेला: उत्तर काठावर बेक्टन, दक्षिण काठावर क्रॉसनेस. तिथं तो साठवायचा आणि ओहोटी लागली की प्रक्रिया न करता तसाच नदीत सोडायचा. नकाशा डोळ्यांसमोर आणा. संसद वरच्या अंगाला, मध्ये ग्रिनिच, आणि त्याच्या खाली काही मैलांवर ही दोन तोंडं. मंत्र्यांच्या खिडकीचा वास गेला आणि त्यांच्या ताटातली मासळी ज्या वाटेनं भरतीबरोबर वर यायची, त्या वाटेवर सगळ्या लंडनचा मैला येऊन पडला.

याची सगळ्यात भयंकर किंमत माशांनी नाही, माणसांनी मोजली. 3 सप्टेंबर 1878. 'प्रिन्सेस अॅलिस' ही सहलीची बोट दिवसभराची फेरी करून लंडनला परतत होती. मुलाबाळांसह निघालेली कुटुंबं, उन्हाळ्याचे शेवटचे दिवस, संध्याकाळची वेळ. वूलिचजवळ कोळशाच्या एका मोठ्या जहाजानं तिला धडक दिली. चारेक मिनिटांत बोट बुडाली. साडेसहाशेच्या आसपास माणसं गेली. आणि जागा? बेक्टन-क्रॉसनेसच्या जवळच. तासाभरापूर्वीच तिथं मैला सोडलेला होता. ज्यांना पोहता येत होतं त्यांनाही त्या पाण्यानं वाचू दिलं नाही, आणि वाचलेल्यांपैकी काही नंतर दगावले. त्यानंतर चौकशा झाल्या, आयोग बसला. 1887 पासून गाळ जहाजात भरून समुद्रात नेऊन टाकायला लागले. एका जहाजाचं नाव होतं 'बझलजेट'.

ग्रिनिचची जेवणं त्यानंतरही काही वर्षं रेटत चालली. पण मासळी दूरवरून, समुद्राजवळून आणावी लागायला लागली. आणि दूरवरूनच आणायची तर मग लंडनच्या कुठल्याही हॉटेलात का खाऊ नये? शिवाय रेल्वे आता थेट समुद्रकिनाऱ्याला पोचवत होती. 1890 च्या दशकात मंत्र्यांचं डिनर बंद पडलं. 1915 मध्ये ट्रफाल्गर टॅव्हर्नला टाळं लागलं. शिप टॅव्हर्न दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनं गेलं. आज त्या जागी 'कटी सार्क' हे जुनं जहाज उभं आहे, पर्यटक त्याच्यापुढे सेल्फी काढतात.

1957 मध्ये नॅचरल हिस्टरी म्युझियमनं लंडनमधली थेम्स जीवशास्त्राच्या दृष्टीनं मृत असल्याचं सांगितलं. मग सांडपाण्यावर खरी प्रक्रिया सुरू झाली आणि नदी हळूहळू सावरली. 1974 मध्ये एका वीज केंद्राच्या जाळीत सॅल्मन सापडला, साधारण 140 वर्षांनी. तरी मोठा पाऊस पडला की बझलजेटची गटारं भरून वाहायची आणि घाण नदीत यायचीच. त्यासाठी नदीखालून 25 किलोमीटरचा नवा बोगदा खणला. तो पूर्णपणे कामाला लागला 2025 मध्ये. म्हणजे अगदी काल-परवा.

ट्रफाल्गर टॅव्हर्न 1965 मध्ये पुन्हा उघडलं. भरतीचं पाणी अजून भिंतीला लागतं, खिडकीजवळचं टेबल हवं असेल तर उन्हाळ्यात आधी बुकिंग करा. व्हाइटबेटही मिळतं, लिंबाच्या फोडीसकट. पण लंडनमधलं व्हाइटबेट आता बहुतेक फ्रीझरच्या पाकिटातून येतं.