इंटरनेट वारंवार खंडित होते? आधी दोषाचे स्थान शोधा

मध्य कोलकात्यातील एस्प्लनेड परिसरात जुन्या इमारतींच्या जाड भिंती वाय-फायचे संकेत क्षीण करतात आणि शेजारच्या राउटरांच्या लहरी त्यांत व्यत्यय आणतात. म्हणून जवळच्या चांदनी चौक बाजारातून नवा राउटर आणण्यापूर्वी संगणक लॅन केबलने राउटरला जोडून पाहावा. जोडणी टिकल्यास दोष वाय-फायचा असतो. अशा वेळी राउटर उंच, मध्यवर्ती जागी ठेवावा, २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीची वाहिनी निवडावी. केबलवरही सेवा तुटत असेल आणि फायबर उपकरणावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागत असेल, तर बिघाड बहुधा बाहेरील तारेत असतो. सेवा खंडित झाल्याच्या वेळा नोंदवून तक्रार करावी व तक्रार क्रमांक जपावा. निवारण न झाल्यास सेवादात्याच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.